काखेतली गाठ

१

किनूच्या तळहातांवर तांब्याच्या रंगाचे ठिपके उठले होते, आणि तळपायांवरही तेच. खाज नाही, आग नाही. डॉक्टरीणबाई हायामींनी तिचे हात खिडकीच्या उजेडात उलटेसुलटे पाहिले, तोंड उघडायला लावलं, मग जबड्याखाली, काखेत, जांघेत बोटं फिरवली. जांघेत काहीच नव्हतं. उजव्या काखेत मात्र त्यांची बोटं थबकली. तिथं बोराएवढी टणक गाठ होती, आणि दाबली तरी किनू कळवळली नाही.

"दोन-तीन महिन्यांमागं कुठं फोड आला होता? न दुखणारा, आपोआप बरा झालेला?"

"नाही बाई. फोडबीड काही नाही," किनू म्हणाली. तिच्या मांडीवर आठ महिन्यांचा योइची दुधासाठी चुळबुळत होता आणि ती कपडे गळ्याशी गच्च धरून बसली होती.

कागदी पडद्याआडून सगळं ऐकत असलेला नवरा शेवटी आत आलाच.

गेन्झो पिंपं बांधायचा. सोया सॉसच्या कारखान्यातली माणसापेक्षा उंच पिंपं बांबूच्या पट्ट्यांनी अशी आवळायचा, की थेंब गळायची बिशाद नव्हती. बेटावर त्याच्याइतका पक्का कारागीर नव्हता आणि त्याच्याइतका संशयी नवराही नव्हता. बायको हमामखान्यातून जरा उशिरा आली, की याचं डोकं फिरलंच. उन्हाळ्यात शेजारणीनं आपलं रडकं पोर किनूच्या छातीशी द्यायचं म्हटलं, तर 'माझ्या पोराच्या दुधाला वाटेकरी नको' म्हणून यानं घर डोक्यावर घेतलं. पितरांच्या सणात नाचताना ती मागं वळून कुणाशी तरी हसली, तेवढ्यावरून स्वारी रुसून कारखान्यात झोपायला गेली. आता हिवाळा आला, तरी अंथरूण तिथंच होतं.

"गरमी आहे," डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या. "उपदंश. दुसऱ्या पायरीवर पोचलाय. कपडे काढ, तुलाही बघते."

त्यांनी त्याला डोक्यापासून नखापर्यंत तपासलं. तो ठणठणीत होता. पोरगंही स्वच्छ होतं.

"म्हणजे माझ्याकडून नाही आलं हे," गेन्झो हळूच म्हणाला. मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण आहे तो? किनू, नाव सांग!"

"कुणी नाही."

"गरमी काय वाऱ्यावरून आली?"

"कुणी नाही हो. योइचीची शपथ."

"पोराची शपथ घेऊ नकोस!" गेन्झो ओरडला. "डॉक्टरीणबाई, औषध आहे यावर?"

"आहे. जर्मनीचं नवं इंजेक्शन निघालंय, ओकायामाहून मागवते. वेळेत दिलं तर बाई वाचेल."

"मग मागवू नका," गेन्झो म्हणाला. "ही नाव सांगेपर्यंत औषध नाही."

२

दुसऱ्याच दिवशी त्यानं किनूला घाटापलीकडच्या गावी तिच्या भावाकडे नेऊन टाकलं. पोराला तोरा आत्याच्या ओटीत घातलं. ही त्याची म्हातारी आत्या शेजारीच राहायची, पोराला भाताची पेज भरवायची आणि गावाची बित्तंबातमी ठेवायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई त्याच्या पिंपापाशी येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत, गालात सदा खारवलेला आलुबुखारा.

"अरे शहाण्या, ठिपके गेले का विचारायला तरी जा बायकोकडे."

"गेले तर बरंच झालं. औषध वाचलं."

"हीच तर या रोगाची लबाडी. तू रंधा मारतोस ना, त्या वळलेल्या ढलपीसारखा याचा जंतू. दिसायला भिंग लागतं. अंगात शिरतो तिथं तीन-चार आठवड्यांनी एक फोड येतो, दुखत नाही म्हणून माणूस बघतही नाही. तो भरून येतो. मग दोनेक महिन्यांत अंगावर ठिपके येतात, तोंडात चट्टे पडतात, केस गळतात. तेही जातं. माणूस म्हणतो, सुटलो. आणि तो आत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. मग कुणाचं नाक बसतं, कुणाचं काळीज फुगतं, कुणाचे पाय जातात, कुणी वेडा होऊन मरतो. किनू तिशीतच आहे. पुढचं तू धर हिशेबात."

गेन्झोच्या हातातला लाकडी हातोडा खाली आला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"नाव कळल्याशिवाय मला झोप नाही."

"मलाही ते हवंय, पण तुझ्या झोपेसाठी नाही. जिथून हे आलं तिथं आणखी कुणीतरी आजारी आहे. मी शोधते. शोधलं की औषध द्यायचं. कबूल?"

"कबूल. पण मी बरोबर येणार."

"ये. माझी पेटी उचल आणि तोंडाला कुलूप लाव."

तोरा आत्यापासून सुरुवात झाली. तिला विचारायची खोटी.

"मी म्हणतच होते!" आत्या पोराला थोपटत म्हणाली. "एक तो औषधवाला मोहेई. कागदी फुगे देतो न् लाडेलाडे बोलतो. दुसरा तो ढोलकरी कान्सुके. गेन्झोच्या आधी त्यानंच मागणी घातली होती हिला, अजून लग्न नाही केलंन मेल्यानं. आणि तिसरं सांगू का? सांगतेच. रोज दुपारी, थोरल्या मालकीणबाई आडव्या झाल्या की ही कारखान्याच्या मागच्या दारानं आत जायची. या डोळ्यांनी पाहिलंय मी. धाकटे मालक घरीच असतात त्या वेळी."

"आत्या, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" गेन्झोचा आवाज फाटला.

"तू आधीच इतका जळतोस, म्हटलं आणखी तेल कशाला ओता."

"योइचीला ती कधी पाजायची, दुपारी की सकाळी?" डॉक्टरीणबाईंनी मध्येच विचारलं.

"केव्हाही. पण नेहमी डावीकडेच घ्यायची. मी म्हटलंसुद्धा, अगं दुसरी बाजू तटतटेल. हसली नुसती."

गेन्झोला या बायकी गप्पांचा कंटाळा आला. त्याच्या डोक्यात आता फक्त मागचं दार होतं.

३

औषधवाला मोहेई बंदराजवळच्या धर्मशाळेत उतरला होता. घरोघरी औषधांची पेटी ठेवून जायची, वर्षानं येऊन संपलेलं भरायचं, हा त्याचा धंदा. त्याच्याकडे नजर जाताच गेन्झोचे हात शिवशिवले. मोहेईचं नाक मध्यावर बसलेलं होतं.

"नाक बसलंय! तुम्हीच म्हणालात ना," तो डॉक्टरीणबाईंच्या कानाशी फुसफुसला. "हाच तो!"

"कुलूप," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, "मोहेईसाहेब, जवानीत मजा केलीत वाटतं?"

मोहेई ओशाळवाणा हसला. "वीस वर्षं झाली बाई. तेव्हा फोड आला, मग पुरळ आलं, मग सगळं साफ. मला वाटलं बरा झालो. गेल्या दहा वर्षांत हे नाक असं बसलं. लोकांना औषधं विकतो, आणि लोक माझ्या तोंडाकडे बघून मुकाट्यानं घेतात."

"किनूच्या घरी काय खाल्लंप्यालं?"

"उंबऱ्यावर बसून चहा. आत कधी गेलो नाही. तिचा नवरा फार वाईट आहे हो, बंदरावर सगळे सांगतात. त्याला कळलं तर जीव घेईल."

गेन्झोनं पेटी अशी आपटली, की आतल्या बाटल्या किणकिणल्या. रस्त्यावर येताच तो फुटला, "सोडलंत त्याला?"

"तो विझलेली चूल आहे. तिसऱ्या पायरीवरचा माणूस स्वतः सडतो, दुसऱ्याला सहसा देत नाही. देतात ते पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचे आणि त्यानंतरची थोडी वर्षं. मला ताजा जाळ हवाय, राख नाही."

ढोलकरी कान्सुके धक्क्यावर पोती उतरवत होता. उंच, रुंद खांद्यांचा, दात पांढरेशुभ्र. गेन्झोला ते दातसुद्धा सहन होईनात. डॉक्टरीणबाईंनी त्याचे तळहात पाहिले, तोंड पाहिलं.

"गावात कधीपासून आहेस रे?"

"उन्हाळ्यात मालवाहू बोटीवर गेलो तो परवा आलो. या वर्षी जत्रेतला ढोलही हुकला." मग त्यानं गेन्झोकडे पाहिलं. "किनू बरी आहे ना?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं. पण माझ्या घरात असती तर मी तिला भावाकडे टाकली नसती."

डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या म्हणून बरं, नाहीतर दोघं धक्क्यावरून पाण्यात गेले असते. त्यांनी गेन्झोला दंडाला धरून ओढत नेलं.

"परवा आलेल्या माणसामुळं बाई दुसऱ्या पायरीवर कशी पोचेल? फोड यायला आठवडे, ठिपके यायला महिने. हे शरद ऋतूच्या तोंडाशी लागलंय तिला, तेव्हा हा समुद्रावर होता."

"म्हणजे धाकटे मालक," गेन्झो म्हणाला. दोन नावं खोडली की उरतं ते तिसरं, एवढा तर्क त्यालाही येत होता. कंबरेच्या पट्ट्यात त्यानं पिंपाची छिन्नी खोचली होती, आणि डॉक्टरीणबाईंना ते ठाऊक नव्हतं.

४

कारखान्याला लागूनच असलेल्या मालकांच्या घरी, त्यांच्या तान्ह्या नातवाला देवीची लस टोचायचं निमित्त झालं. थोरल्या मालकीणबाईंनी त्यांना दिवाणखान्यात बसवलं. स्वयंपाकघरातून मिसो घालून शिजवलेल्या कार्प माशाचा वास येत होता.

"आमच्या सूनबाईसाठी," मालकीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "तीन पोटं वाया गेल्यावर हा नातू झाला. आता पाच महिन्यांचा आहे. तिला दूध इतकं, की दुपारी पिऊन जो झोपतो तो दिवे लागेपर्यंत."

"इतकं दूध असून अजून दूध यायचा कार्प?"

"मलाच आवडतो तो," चहा घेऊन आलेली सून, फुसाए, घाईनं म्हणाली. नाजूक, देखणी, रेशमी कपड्यांत छातीचा भाग सपाट बसलेला. तोंडावर एकही डाग नव्हता.

धाकटे मालक आत आले. ताजीतवानी कांती, ओसाकाच्या अत्तराचा सुवास. गेन्झोनं त्यांच्या तोंडावर, हातांवर ठिपके शोधले. एकही सापडेना. इतका निरोगी माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता, आणि त्या निरोगीपणाचाच त्याला भयंकर राग आला.

"गेन्झो, बायको आजारी आहे म्हणे तुझी?" धाकटे मालक म्हणाले.

गेन्झोचा हात पट्ट्याकडे गेला.

"हो, पिंपवाल्याची किनू," डॉक्टरीणबाई पटकन म्हणाल्या. त्या फुसाएकडे बघत होत्या. "तुम्ही ओळखता ना तिला, सूनबाई?"

"मी? मी कशाला ओळखू तिला?" फुसाए म्हणाली. इतकं तिखट, की सासूनं चमकून पाहिलं. आणि लगेच, आवाज खाली आणून, "काय झालंय तिला? खूप आजारी आहे का?"

आतल्या खोलीत बाळ जागं झालं. ते रडलं, पण आवाज घोगरा होता, आणि रडण्याच्या मधे मधे नाक चोंदल्यासारखं घोरत होतं.

"सर्दी आहे त्याला. जन्मल्यावर थोड्याच दिवसांनी झाली, जातच नाही. ओसाकाचे वैद्य म्हणाले, पोटात किडे झालेत," मालकीणबाई म्हणाल्या. "लस नको आज."

"नुसतं बघते. सूनबाई, तुम्ही चला आत. बाकी कुणी नको."

दार सरकलं. गेन्झो आणि धाकटे मालक समोरासमोर उरले. याच हातांनी, गेन्झो मनात म्हणत होता, याच गोऱ्या बोटांनी. चहाची वाफ विरली तरी त्यानं पेल्याला हात लावला नाही. आतून बाईच्या रडण्याचा दबका आवाज आला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या गालात आलुबुखारा नव्हता.

"धाकटे मालक, उद्या माझ्या दवाखान्यात या. एकटे. आलात नाही तर मी इथं येईन, आणि तुमच्या आईसमोर बोलेन." मग गेन्झोकडे वळून त्या म्हणाल्या, "चल. नाव मिळालं."

५

कारखान्याबाहेर पडताच गेन्झोनं छिन्नी काढली. "मी परत आत जातो."

"आधी ऐक. मग हवं तर मलाच मार." त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. "या माणसानं किनूला कधी बोटही लावलेलं नाही. रोग मात्र त्याच्याच घरून आलाय."

गेन्झोनं छिन्नी तशीच धरली, पण पाऊल मागं घेतलं.

"गाठीपासून सुरू करू. फोड जिथं येतो, त्याच्या जवळच्या वाटेवर गाठ सुजते. तू समजतोस तसं काही असतं, तर ती जांघेत आली असती. ओठाला फोड आला, तर जबड्याखाली. किनूची आली काखेत, उजव्या. तिथं कुठून येईल? हातावरून किंवा छातीवरून. हात मी पाहिले होते, व्रण नव्हता. राहिली छाती. पाजणाऱ्या बाईच्या स्तनाग्राला चीर पडतेच, तिला ती फोड कशाला म्हणेल? मी विचारलं फोडाचं, तिनं खरं ते सांगितलं. छाती उघडी करून बघायची अक्कल मला तेव्हा आली नाही, ती चूक माझी."

"पण योइची तर—"

"योइची स्वच्छ आहे. त्याला ती डावीकडे घ्यायची. मग उजवीकडे कोण होतं?"

गेन्झोच्या हातातली छिन्नी हळूहळू खाली आली.

"ज्या घरात दूध उतू जातंय म्हणतात, तिथं पाच महिने दूध यायचा कार्प शिजतोय. सूनबाईची छाती सपाट. पोर दुपारी पिऊन झोपतं, आणि तुझी बायको दुपारीच मागच्या दारानं आत जाते. जिला ओळखत नाही म्हणते, तिच्या तब्येतीचं सूनबाईला भय वाटतं. आणि पोराचं ते घोरणारं नाक. आत जाऊन बघितलं. तोंड म्हाताऱ्यासारखं सुरकुतलेलं, ओठांच्या कडांना चिरा, तळपाय सोललेले. आईच्या पोटातूनच घेऊन आलंय बिचारं. बापानं ओसाकाच्या कोठ्यांवरून आणलं, आईला दिलं. तिची आधीची तीन गेली ती यानंच. नवराबायको दोघंही वरून चकचकीत, कारण त्यांचा रोग आता दबा धरून बसलाय. पोराच्या तोंडात मात्र तो ताजा आहे, आणि ते तोंड तुझ्या बायकोच्या छातीला लागलं."

"पण तिनं मला सांगितलं का नाही?"

"तुला?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "माझ्या पोराच्या दुधाला वाटेकरी नको, कोण म्हणालं होतं? सूनबाई पाया पडली तिच्या. दूध नाही हे सासूला कळलं तर माहेरी धाडतील म्हणाली. किनूनं कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. आणि गंमत बघ, सूनबाई वर तिचाच हेवा करते. बाळ किनूचा आवाज ऐकून हसतं, माझ्याकडे बघून रडतं, म्हणते. मत्सराचं दुकान काय तू एकट्यानंच नाही उघडलेलं."

गेन्झो रस्त्यातच खाली बसला. इतके दिवस त्यानं मनात एक उंच, गोरा, पांढऱ्या दातांचा माणूस उभा केला होता. त्याच्या जागी आता पाच महिन्यांचं घोरतं पोर होतं. आणि आपल्याला काय झालंय हे त्यालाच कळेना, पण क्षणभर त्याला त्या पोराचाही हेवा वाटला.

"मी तिला हात लावला नाही म्हणून मी वाचलो," तो म्हणाला.

"हो. तुझ्या रुसव्यानं तुला वाचवलं आणि तिला एकटं पाडलं. तू घरात झोपत असतास, तर ती चीर तुला दिसली असती. ऊठ. घाट चढायचाय."

६

घाटापलीकडच्या गावात ऊन स्वच्छ पडलं होतं. भावाच्या अंगणात लाकडी चौकटींवर सोमेनच्या बारीक शेवया वाळत घातल्या होत्या, आणि किनू दोन काठ्या हातात घेऊन त्यांच्या चिकटलेल्या लडी सोडवत होती. नवऱ्याला पाहून तिनं काठ्या खाली ठेवल्या. आधी विचारलं ते योइचीचं. पोर बरं आहे, पेज पितंय, हे ऐकल्यावर ती डॉक्टरीणबाईंबरोबर आत गेली.

उजव्या बाजूला व्रण होता. फिकट, गुळगुळीत, बटणाएवढा.

"चीर वाटली मला. दुखत नव्हती, म्हणून लक्ष दिलं नाही," किनू म्हणत होती. "त्या बाळाला औषध आहे का हो?"

"पाऱ्याचं मलम आहे. धडपड करू. तुझं इंजेक्शन मी त्याच दिवशी मागवलंय, याला न विचारता. योइचीवर मात्र बरेच महिने डोळा ठेवावा लागेल."

बाहेर गेन्झो उन्हात उभा होता. किनू बाहेर येताच तो जमिनीवर गुडघे टेकून वाकला, कपाळ मातीला लागेपर्यंत. किनूची भावजय दारातून बघत होती, तिची त्यानं पर्वा केली नाही.

"चुकलो मी. तुझा काही दोष नव्हता. मला सगळं कळलंय. घरी चल."

"कुणी सांगितलं तुम्हाला, माझा दोष नव्हता म्हणून?"

"डॉक्टरीणबाईंनी. गाठीवरून ओळखलं त्यांनी."

"मी सांगितलं होतं. पोराची शपथ घेऊन."

किनू त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"एक विचारू?" किनू म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं जाणून घ्यायचं होतं. "गाठ जांघेत निघाली असती तर? कुणी बाप्या असता खरंच. नाव कळलं असतं तुम्हाला. मग दिलं असतं मला औषध?"

त्याला हो म्हणता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनाही वाटलं, आता हा हो म्हणेल. पण गेन्झो संशयी होता, भांडखोर होता, खोटारडा मात्र नव्हता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"नसतं दिलं," शेवटी तो म्हणाला.

किनूनं मान डोलावली. "मग निर्दोष म्हणून मला न्यायला येऊ नका. आजारी आहे म्हणून आला असतात, तर मीही आले असते."

ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "बाई, तुमच्या दवाखान्यात एखादी खोली रिकामी आहे का? योइचीला धरून दोघांना पुरेल अशी. मी कपडे धुवीन, जेवण करीन."

"आहे. दक्षिणेकडची, उन्हाची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

किनू आत जाऊन आपलं गाठोडं घेऊन आली. गेन्झो अजून वाटेतच बसला होता. तिला जाता यावं म्हणून तो उठला आणि बाजूला झाला.